लोटीच्या गळ्यात ब्लुमीचा पट्टा

१

शब्दन्‌शब्द खरा आहे हं, आधीच सांगून ठेवते. माझ्या नवऱ्याच्या तांब्याच्या कढईची शपथ, जिच्यात आम्ही दोघांनी जन्मभर दूध ढवळलं. यातलं एक अक्षर जरी मी पदरचं घातलं असेल तर माझ्या हातचं चीज पुन्हा म्हणून लागू नये. मागे मी सांगितलं होतं ना, की आमच्या लिंबर्गर चीजच्या वासानं घरात शिरलेला चोर स्वतःहून पोलिसांकडे गेला आणि मला कोठडीत घाला म्हणाला? ते सोडा. ते थोडं फुगवलेलं होतं. हे नाही.

ड्युर्स्टांचा गोठा माझ्या कुंपणाला लागून. आमच्या विस्कॉन्सिनच्या या टेकड्यांवर सगळी मंडळी स्वित्झर्लंडहून आलेल्यांची नातवंडं-पणतवंडं, आणि आडनावंही तीच ती, दहा-बाराच. त्या सोमवारी सकाळी मी तिथं गेले ती माझं केकचं भांडं परत आणायला. आदल्या दिवशी चर्चमध्ये कोंबडीचं जेवण होतं. माझा सफरचंदाचा केक चाटूनपुसून संपला आणि भांडं जोलीन घेऊन गेली. जोलीन म्हणजे रूडी ड्युर्स्टची बायको. इलिनॉयची पोर. गोठ्यात धार काढणारं यंत्र आणलं ते तिनंच.

दोघं नवराबायको त्या यंत्रापुढे उभी होती. यंत्र कसं, तर गाईला कास जड वाटली की ती आपणहून त्या अरुंद खणात येऊन उभी राहते. तिच्या गळ्यातल्या पट्ट्याला एक डबी असते. डबी वाचून यंत्र ओळखतं, ही अमकी. मग तिच्या वाट्याची पेंड यंत्र पुढ्यात ओततं, खालून एक लोखंडी हात येतो, लाल उजेड पाडून सड शोधतो आणि पेले लावतो. माणूस लागतच नाही. त्या दिवशी मात्र तो हात नुसताच चाचपडत होता, रात्री उशाशी काढून ठेवलेला चष्मा सकाळी चाचपावा तसा. जोलीनचा फोन केकाटत होता.

"ब्लुमीचे सड सापडत नाहीयेत त्याला," जोलीन म्हणाली. "हात बिघडलाय."

मी वाकून पाहिलं. ड्युर्स्टांच्या गाई सगळ्या एका रंगाच्या, करड्या-तपकिरी, अंगावर एक ठिपका नाही. परक्याला वाटावं एकाच भट्टीतले पाव. ही गाय मात्र निवांत पेंड खात होती, लग्नातल्या वरपक्षाच्या पंगतीला बसल्यासारखी. गळ्याखाली लोंबणारी डबी पेंडेच्या घमेल्यावर आपटत होती, टक, टक, टक.

"हात चांगला आहे," मी म्हटलं. "गाय चुकलीय. ही ब्लुमी नाही."

"वेरेना काकू, पट्टा सांगतोय ना ब्लुमी."

"मग पट्ट्यालाच पिळा."

रूडीनंही कास पाहिली होती, रिकाम्या पिशवीसारखी लोंबलेली. पण फोन ब्लुमी म्हणत होता, म्हणून त्याला वाटलं, आपली ब्लुमी आजारी पडली. गोठ्यातली सगळ्यात दुधाळ गाय ती. दुसऱ्याच वेताची. तिच्या जिवावर तर रूडी बायकोला सांगायचा की आपली ही जुनी जात मोडू नको, काळ्या-पांढऱ्या गाई आणू नको.

मी त्या गाईचा कान धरला. कानातल्या बिल्ल्यावर शेणमातीचा थर चढलेला. गळ्यातली डबी आल्यापासून तो बिल्ला वाचायची कोणाला गरजच पडली नव्हती. नखानं खरवडलं आणि रूडीला म्हटलं, वाच.

रूडीनं वाचलं आणि त्याचा चेहरा पिठासारखा झाला. बिल्ला लोटीचा होता. आणि लोटी तर पहाटेच्या ट्रकमधून कत्तलखान्याकडे रवाना झाली होती.

२

लोटी म्हातारी झाली होती. दोन हंगाम गाभण राहिली नव्हती, दूध चहापुरतं. जोलीननं शुक्रवारी तिच्या नावापुढे खूण केली. गोठ्यात एक फाटक आहे, तेही यंत्राच्याच ताब्यात. खूण केलेल्या गाईची डबी रविवारी रात्री जवळून गेली की ते फाटक उलट्या बाजूला उघडतं आणि गाय आत परत न जाता रस्त्यालगतच्या छोट्या आवारात जाते. सोमवारी पहाटे ट्रकवाला येतो, आवारात असेल ती गाय चढवतो, पट्टा काढून खिळ्याला अडकवतो आणि जातो. घरातलं कोणी उठतसुद्धा नाही.

म्हणजे लोटीच्या गळ्यात ब्लुमीचा पट्टा होता आणि ब्लुमीच्या गळ्यात लोटीचा. फाटकानं आपलं काम चोख केलं होतं.

रूडीनं ट्रकवाल्याला, ऑर्व्हिलला, फोन लावला. मग ऑर्व्हिलनं कत्तलखान्याला लावला. आम्ही तिघं उभ्याउभ्या वाट पाहत होतो आणि मागे लोटीची टकटक चालूच. फोन परत आला. रूडीनं ऐकलं, बरं म्हणाला, फोन खिशात घातला आणि पालथ्या बादलीवर जाऊन बसला. सगळं उरकलं होतं.

ट्रक निघाला ना, तेव्हा ब्लुमीनं मान वर केली आणि गोठ्याकडे तोंड करून एकदा हंबरली. एकदाच. मग ट्रक वळणाआड गेला.

जोलीन मग जे बोलायचं ते बोललीच. पट्टे काही आपोआप बदलत नाहीत. कोणीतरी बदललेत. आणि पट्ट्यांना रोज हात कोण लावतं? एउसेबियो.

एउसेबियो मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझचा. ड्युर्स्टांकडे गडी म्हणून आला तेव्हा पोरगेलासा होता. आता त्याची मुलगी आमच्या गावच्या शाळेत जाते आणि आमचं स्विस डोंगरी गाणं, योडल, माझ्यापेक्षा चांगलं गाते. यंत्र आल्यावर दोन गड्यांचं काम हळूहळू एकावर आलं आणि यंदा वसंतात त्याच्या चुलतभावाला जावं लागलं. एउसेबियोचं तेव्हा जोलीनशी थोडं वाजलं होतं. सूड घ्यायला एवढं कारण पुरे, असं जोलीनचं म्हणणं.

रूडीनं त्याला बोलावलं. एउसेबियो टोपी हातात घेऊन उभा राहिला. म्हणाला, मी नाही केलं. मग कोणी केलं, तर गप्प. काल सगळे चर्चला होते, तू एकटा इथं होतास, कोणी आलं होतं का, तर गप्प. रूडीचा आवाज चढला. एउसेबियोनं टोपीची कड फिरवली आणि जमिनीकडे पाहिलं.

"रात्रीच्या जेवणाच्या आत सामान बांध," रूडी म्हणाला. "घर रिकामं कर. पुढचं काय करायचं ते उद्या शेरीफच्या माणसाला विचारतो."

शेरीफचं नाव निघालं तसा एउसेबियो पांढरा पडला. त्याच्या कागदपत्रांचं आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं.

"रूडी," मी म्हटलं, "जेवणापर्यंत मला वेळ दे. तोवर कोणाला फोन करायचा नाही."

"तू काय करणार आजी?" सगळं गाव मला आजीच म्हणतं, जोलीन सोडून.

"लोकांना खाऊ घालणार," मी म्हटलं. "तोंड भरलेलं असलं की माणूस खरं बोलतो."

३

लिंबर्गरचा वास सहन होतो तो जन्मापासून नाकात असेल त्यालाच. राईच्या पावावर त्याचा जाड तुकडा, वर कच्चा कांदा, सोबत बिअर. अशी सँडविचं टोपलीत घालून मी पहिली ऑर्व्हिलकडे गेले. तो खानावळीच्या आवारात ट्रक धूत होता. मला पाहून पाण्याची नळी बंद केली, म्हणजे आधीच अपराधी वाटत होतं.

मी विचारलं, बाबा रे, दुधानं तटतटलेली तरणी गाय तुला म्हातारी वाटली कशी?

तो म्हणाला, मी पाहिलीच नाही. आवारात एक गाय होती. फाटकानं आणून उभी केली होती. फाटकाला माहीत असणार की. थर्मासातली कॉफी एका हातात, काठी दुसऱ्या हातात, गाय चढली. वैताग आला तो फक्त पट्टा काढताना. "कोण असा बांधतं देव जाणे. टोक दोनदा आत खोचलेलं. बोटं गारठलेली, निघता निघेना."

आदल्या दिवशी हा बाप्या चर्चच्या जेवणात माझ्यासमोरच होता, तीन ताटं चेपत. तेव्हा गोठ्यात गेला असणं शक्य नव्हतं. सँडविच घेतलं, एक घास खाल्ला आणि म्हणाला, "माझा बाप असता तर त्यानं मला बदडलं असतं, आजी. न बघता गाय चढवली म्हणून."

मग जोलीन. ती अंगणात कोंबड्यांपुढे दाणे टाकत होती, पण कोंबड्या कधीच खाऊन गेल्या होत्या. तिला मी सँडविच दिलं नाही. इलिनॉयच्या माणसाला ते देणं म्हणजे मारहाण. तिला केक दिला.

जोलीनवर माझा संशय होता, लपवत नाही. जेवण अर्ध्यावर असताना बटाट्याचं सॅलड विसरलं म्हणून ती घरी गेली होती ती बराच वेळ. ब्लुमी गेली की रूडीचा हट्ट सुटला, मग हव्या त्या काळ्या-पांढऱ्या गाई आणा. मी तसं तोंडावर विचारलं.

ती चिडली नाही. केकचा तुकडा तसाच हातात. म्हणाली, सॅलड मिळालं होतं लगेच. मी गाडीत बसून राहिले. रडत होते.

कशासाठी? तर लोटीसाठी. खूण शुक्रवारी केली आणि सासऱ्यांना सांगायचा धीर रविवारी सकाळी झाला. सासरा म्हणजे फ्रिडोलिन, त्याची लाडकी ती. इतकी वर्षं डोंगरावरून गाई उतरवायच्या मिरवणुकीत सगळ्यांत मोठी घंटा लोटीच्या गळ्यात असायची, फुलांचा मुकुट डोक्यावर, आणि पुढे फ्रिडोलिन. यंत्र आल्यापासून ड्युर्स्टांच्या गाई मिरवणुकीत जात नाहीत. एक दिवस बाहेर नेल्या की आठवडाभर त्यांचं धारेचं वेळापत्रक बिघडतं.

"मला वाटलं ओरडतील," जोलीन म्हणाली. "ते काहीच बोलले नाहीत. उलट पहिल्यांदाच यंत्राबद्दल विचारलं त्यांनी, काकू. कसं चालतं, काय करतं. मला इतकं बरं वाटलं. सगळं समजावून सांगितलं मी. आणि मग गाडीत बसल्यावर रडू आलं."

तिच्या नाकाच्या शेंड्यावर साखर लागली होती. मी ती पुसली आणि माझ्या मनातला एक संशयित कमी केला. पण जाताजाता तिनं जे सांगितलं त्यानं मी पावलं उचलली. एउसेबियोचं सामान जवळजवळ बांधून झालं होतं.

४

एउसेबियोचं घर म्हणजे गोठ्यामागची चाकांवरची खोली. दारात दोन बॅगा, एक मक्याच्या पिठाची गोणी आणि मुलीचं व्हायोलिन. तो पायरीवर बसला होता, अंगात एक जाड लोकरीचा डगला. डगला मी ओळखला. त्याची बटणं हरणाच्या शिंगाची. मीच एकदा शिवून दिली होती. फ्रिडोलिनला.

"छान आहे डगला," मी म्हटलं.

पहिल्या हिवाळ्यात दिला होता दॉन फ्रिडोलिननी, तो म्हणाला. दॉन म्हणजे त्यांच्याकडे आदरानं हाक मारतात तसं. त्या हिवाळ्यात एउसेबियोकडे पातळ जाकीट होतं आणि आमच्याकडची थंडी म्हणजे, बादलीतून ओतलेलं पाणी जमिनीवर पडेपर्यंत त्याची काठी व्हायची. मी अशी एक काठी टेकत घरी गेलेली आहे. असो.

त्याला मी सँडविच दिलं. त्यानं वास घेतला आणि मला विचारलं की शिक्षा अजून वाढली का. हसलो आम्ही दोघं. मग मी काही विचारायच्या आतच तो म्हणाला, "आजी, काल मी कोणालाच पाहिलं नाही."

"मी विचारलं का?"

त्यानं सँडविच बाजूला ठेवलं.

"तुला पट्टा बांधायला येतो ना रे नीट?"

रोजचंच काम, तो म्हणाला. डबी मानेवर वरती यायला हवी, पट्ट्यातलं लोखंडाचं वजन गळ्याखाली. नाहीतर फाटक कधी वाचतं, कधी नाही. झोपेतसुद्धा चुकणार नाही, म्हणाला.

मग मी त्याला म्हटलं की तू उद्या इथून गेलास की तुझी पोर कुठल्या शाळेत जाईल? शेरीफच्या माणसानं कागद मागितले तर? कोणासाठी तोंड शिवून बसलायस? तो डगल्याच्या बटणाशी चाळा करत राहिला. एकदा तोंड उघडलं. वाटलं आता सांगतो. पण म्हणाला एवढंच, "काही गोष्टी पाहायच्या नसतात, आजी. चुकून दिसतात."

मी उठले. गोठ्यात कोणी गेलं होतं हे नक्की. आणि ज्याच्याकडे मला जायचं होतं, त्याच्याकडे जायची मला मुळीच इच्छा नव्हती.

५

फ्रिडोलिन ड्युर्स्ट आणि मी एका वर्गात होतो. त्यानं माझी वेणी शाईत बुडवली होती आणि मी त्याच्या बुटात दही ओतलं होतं. म्हणजे मैत्री जुनी. बायको गेल्यावर तो मळ्यातल्या छोट्या घरात राहायला आला. ब्लुमी जन्मायच्याही आधी यंत्र आलं, त्या दिवशी त्यानं शपथ घेतली की ज्या गोठ्यात लोखंड धार काढतं त्या गोठ्यात पाय ठेवणार नाही. तेव्हापासून त्याच्यासमोर कोणी गोठ्याचं नाव काढलं की तो उठून जायचा. रूडी तर बापाशी फक्त हवापाण्यावर बोलायचा.

तो खुर्चीत बसला होता, दुखरा गुडघा स्टुलावर. त्याच गुडघ्यासाठी चर्चचं जेवण चुकवलं होतं. भिंतीवर घंटा टांगलेल्या, एकेका गाईची एकेक, कातडी पट्ट्यासकट. प्रत्येक पट्ट्याचं टोक दोनदा आत खोचलेलं, नाचतानाचता सुटू नये म्हणून. मी लहानपणापासून पाहत आलेय ते. पण त्या दिवशी मी जरा जास्त वेळ पाहिलं.

"ब्लुमी गेली," मी म्हटलं.

"ऐकलं." त्यानं सँडविच घेतलं, हुंगलं. "कांदा कमी घातलास वेरेना. चिंगूस."

"लोटी वाचली."

तो खिडकीतून टेकडीकडे पाहत राहिला. मग त्याचा आवाज मऊ झाला. म्हणाला, तिचे आता दिवस ते किती राहिलेत. धड चालवत नाही तिला. त्या फिरत्या ब्रशाखाली जाऊन उभी राहते, डोळे मिटून, पाठ खाजवून घेत. कोकरासारखी गरीब झालीय.

मी घास गिळला. तो ब्रश गोठ्यात बसवला या उन्हाळ्यात. गाय खाली आली की आपोआप फिरणारा, निळा, मोठा. मळ्यातल्या घरातून तो दिसत नाही. आणि जोलीननं रविवारी सांगितलं ते यंत्राचं; तेवढं सोडलं तर त्याच्याशी गोठ्याबद्दल कोणी बोलतच नव्हतं.

"तू पाहिलंस का तिला तिथं?" मी सहज विचारावं तसं विचारलं.

"मी? मी पाय ठेवत नाही तिथं."

त्याचे डोळे एकदम माझ्याकडे वळले आणि एकदम दूर गेले. मी उठले, टोपली घेतली. दारात वळून म्हटलं, संध्याकाळी रूडीकडे जेवायला ये. सगळे असतील. एउसेबियोला निरोप द्यायचाय.

"कसला निरोप?"

"तू ऐकलं नाहीस? त्याला काढलं. पट्टे त्यानं बदलले म्हणे."

मी पायऱ्या उतरले. मी मागे वळून पाहिलं नाही, पाहायला हवं होतं. त्याचा चेहरा काय सांगत होता ते मला कधीच कळणार नाही.

६

जेवायला बटाट्याचा किस तव्यावर परतलेला, त्यावर चीज, आणि सॉसेज. कोणी नीट खाल्लं नाही. फ्रिडोलिन आला होता. एउसेबियो दाराशी उभा होता, बॅगांजवळ. बस म्हटलं तरी बसला नाही.

मी खिळ्यावरचा लोटीचा पट्टा मागून घेतला आणि टेबलावर जुनी दुधाची बरणी ठेवली, तिची मान गाईच्या मानेएवढी जाड. म्हटलं, ब्लुमीची आठवण म्हणून हिला पट्टा बांधून ठेवू या. रूडीला वाटलं म्हातारीला वेड लागलं. पण मी टोपलीतला लिंबर्गर उघडायची धमकी दिली तशी जोलीन पुढे झाली. तिनं पट्टा बांधला; डबी वर, वजन खाली. मी म्हटलं घट्ट नाही झाला, एउसेबियो, तू बांध. त्यानं बांधला, डबी वर, वजन खाली, टोक एकदा कडीतून.

"तुझा हात मजबूत आहे, फ्रिडोलिन," मी म्हटलं. "जरा तू बघ."

त्यानं पट्टा घेतला. तो बरणीकडे पाहतसुद्धा नव्हता, एउसेबियोच्या बॅगांकडे पाहत होता. बोटं मात्र चालली, इतकी वर्षं चालली तशी. जड डबी गळ्याखाली, घंटा लोंबावी तशी. टोक कडीतून, मागे, आत, आणि पुन्हा एकदा आत.

रूडीनं काटा खाली ठेवला.

मी जे सांगायचं ते थोडक्यात सांगितलं. सकाळी लोटीची डबी गळ्याखाली लोंबत होती. ऑर्व्हिलला खिळ्यावरचा पट्टा सुटता सुटेना, टोक दोनदा खोचलेलं. रोज पट्टे बांधणारा असं बांधणार नाही, जोलीन बांधणार नाही. असं बांधतो तो घंटा बांधणारा. आणि ज्यानं गोठ्यात पाय ठेवला नाही, त्याला ब्रश कसा दिसला?

फ्रिडोलिननं बरणीवरचा हात काढला नाही.

"मला तिला फक्त एक आठवडा मिळवून द्यायचा होता," फ्रिडोलिन म्हणाला.

मग हळूहळू त्यानं सांगितलं. जोलीननं समजावलं की यंत्र पट्टा ओळखतं, गाय नाही. रविवारी घर रिकामं झालं तसा तो काठी टेकत गेला. लोटी ब्रशाखाली होती. तिचा पट्टा काढून त्यानं शेजारच्या गाईला घातला आणि तिचा लोटीला. ब्रशाच्या कडेला अंधारच होता, आणि तो घाईत होता.

"अण्णा, पण ती कत्तलीला जाईल हे नाही कळलं?" रूडीचा आवाज फाटला होता.

"नाही जाणार असं वाटलं." तो आमच्या सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहत म्हणाला. "अरे, ट्रकवर चढवताना कोणीतरी बघेल ना. आमच्या वेळी गाईचं तोंड बघितल्याशिवाय तिला कोणी घराबाहेर काढत नसे. बघतील, म्हणतील ही तर तरणी, दुधाची, हसतील, परत आत सोडतील. ट्रक रिकामा जाईल. पुढच्या सोमवारपर्यंत मी काहीतरी केलं असतं. मला काय माहीत, कोणीच बघणार नाही."

हे ऐकून रूडीनं मान खाली घातली. जोलीननंही. त्या क्षणी म्हातारा जिंकल्यासारखा दिसत होता, आणि मला वाटलं, इथंच थांबावं. पण त्यानंच विचारलं, "ती ब्लुमी कुठली? कोणाची?"

जोलीन बोलली, अगदी हळू.

"रोझीची मुलगी."

"कुठली रोझी?"

"आपली रोझी, अण्णा. लोटीची रोझी."

रोझी जन्मली तेव्हा आडवी होती. फ्रिडोलिननं रात्रभर खपून तिला स्वतःच्या हातांनी ओढून बाहेर काढली होती, आणि नंतर दूध पाजायला खिशात बाटली घेऊन फिरायचा. रोझी दोन वर्षांपूर्वी गेली. लोटीचं रक्त म्हणून जे काही उरलं होतं ते ब्लुमीत होतं. लोटीला आता वासरू होणार नव्हतं.

फ्रिडोलिनची बोटं बरणीच्या पट्ट्यावर होती. त्यानं खोचलेलं टोक काढलं, पुन्हा खोचलं.

"शेजारीच उभी होती," तो म्हणाला. "मी तिच्या गळ्यात हात घातला. मी तरी बघायचं होतं तिचं तोंड."

त्यानंतर कोणी कोणाला दोष दिला नाही. द्यायला कोणी उरलंच नव्हतं. रूडी उठला, दाराशी गेला, एउसेबियोच्या दोन्ही बॅगा उचलल्या आणि काही न बोलता त्याच्या खोलीकडे चालू लागला. माफी मागायला आमच्या पुरुषांची जीभ जड; ते ओझं उचलतात. एउसेबियो व्हायोलिन घेऊन मागोमाग गेला. मी त्याला ओट्यावर गाठून विचारलं, अरे, एवढं घर जात होतं, तरी बोलला नाहीस?

"म्हातारा माणूस गाईशी बोलत होता, आजी," तो म्हणाला. "गळ्यात हात घालून. त्याची काय चहाडी करायची?"

जोलीननं लोटीच्या नावापुढची खूण काढली. फ्रिडोलिननं आपली शपथ मोडली. रोज सकाळी काठी टेकत गोठ्यात यायचा आणि प्रत्येक गाईपुढे थांबून तिचं तोंड बघायचा. नावं पाठ करायला लागला, शाळेतल्या पोरासारखी. ऑर्व्हिलही आता आधी टॉर्च मारतो, मग चढवतो. बर्फ पडलं त्या आठवड्यात लोटी ब्रशाखाली बसली ती उठली नाही. तिची घंटा भिंतीवरच आहे. तिच्या शेजारी एक खिळा रिकामा. ब्लुमीसाठी घंटा कधी केलीच नव्हती.

कढईची शपथ घातलीय, तेव्हा एक सांगूनच टाकते, नाहीतर चीज नासेल. बाकी सगळं तसंच्या तसं घडलं, पाण्याच्या काठीसकट. पण ट्रक निघताना ब्लुमी मान वर करून हंबरली म्हटलं ना, ते मी घातलं. ती हंबरली असेल, नसेलही. कोण सांगणार? तिच्याकडे कोणी बघतच नव्हतं.